आठ वाजताचं नवं वर्ष

केक परत आला तेव्हा माई काउंटरमागच्या स्टुलावर बसून पुठ्ठ्याची खोकी दुमडत होत्या. वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे बेकरीत श्वास घ्यायला सवड नसते. सकाळपासून केक नुसते बाहेर जात होते. परत यावं असं त्या भट्टीतून आजवर काही गेलंच नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी खोकं काउंटरवर ठेवून दोरी सोडली तेव्हा थोरली सून आधी हसली. तिला वाटलं, आणखी एक हवा असेल.

"केक उत्तम आहे," हेडमास्तर म्हणाले. "मजकूर चुकलाय."

थोरलीने वाकून पाहिलं. पांढऱ्या क्रीमवर तिच्या वळणदार अक्षरात 'नव्या सहस्रकाच्या शुभेच्छा' असं लिहिलेलं होतं. सगळं कसं जागच्या जागी होतं.

"नवं सहस्रक पुढच्या वर्षी लागतं. उद्या फक्त दोन हजार साल. आज माझे जुने विद्यार्थी जमणार आहेत घरी. त्यांच्यासमोर मी हा केक कापू?"

"म्हणजे आख्खं जग चुकलंय आणि तुम्ही एकटे बरोबर?" थोरली म्हणाली.

"असं पुष्कळदा झालंय," हेडमास्तर शांतपणे म्हणाले आणि काही न लिहिलेला एक केक घेऊन निघून गेले.

थोरलीचा नुसता तिळपापड झाला. या माणसाला शाळेतल्या पोरांनी कसं सोसलं असेल, असं ती पुटपुटली आणि माईंकडे वळली. एरवी माई अशा वेळी पदराआड हसत. आज त्यांच्या हातातलं खोकं अर्धं दुमडलेलंच राहिलं होतं.

नवं सहस्रक लागलं की अण्णा भट्टी थोरल्या मुलाच्या हाती देणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दहादा बोलून झालं होतं. हा शब्द मुळात कुणाला दिला होता, हे मात्र फक्त देणाऱ्याला आणि घेणारीला माहीत होतं. थोरला पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. एके दिवशी माईंनी विचारलं होतं, रोज दोन वाजता उठून खाली जाता, असं कुठवर चालायचं? अण्णा कोपरापर्यंत पिठाने माखलेले. ते हसून म्हणाले, "हे सहस्रक संपेपर्यंत मी भट्टीचा. नवं लागलं की तुझा." तेव्हा दोन हजार साल म्हणजे चंद्रावर जाण्याइतकं लांब वाटायचं. माईही हसल्या होत्या. पण बाईमाणूस हसून सोडून दिलेलं विसरतंच असं नाही, आणि माई तर काहीच विसरत नसत.

त्यांना हिंडायला जायचं नव्हतं, की दागिना नको होता. सकाळी डोळे उघडले की शेजारच्या उशीवर माणूस दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. बेकरीवाल्याची बायको रोज एकटीच उठते. जावा नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार करायच्या, तेव्हा माईंना त्यात घालायला काही नसायचं.

आणि आता हेडमास्तर केक परत देऊन गेले होते.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून सगळे वरच्या खोलीत जमले. या घरातलं नवं वर्ष आठ वाजता लागतं. भट्टी दोनला पेटवायची, उजाडायच्या आत ब्रेड दुकानात लागायला हवा, तर बारापर्यंत जागणार कोण? म्हणून अण्णांच्या वडिलांपासूनची रीत अशी, की एकतीस डिसेंबरला आठच्या ठोक्याला भिंतीवरच्या घड्याळाचे काटे बोटाने फिरवून बारावर आणायचे, सगळ्यांनी उलटे आकडे मोजायचे, केक खायचा आणि दिवे मालवून झोपायचं. बाकीच्या जगाचं नवं वर्ष बारा वाजता लागतं, हे धाकट्या मुलाला शाळेत गेल्यावर कळलं. त्यावरून तो बाईंशी भांडला होता आणि रडत घरी आला होता. अण्णा म्हणायचे, त्या दिवशी हा जो आकड्यांच्या मागे लागला तो गणिताचा मास्तर होऊनच थांबला.

हेडमास्तरांचा केकच आज टेबलावर होता. त्यावरचा मजकूर खरवडून काढायला थोरलीने साफ नकार दिला होता.

धाकट्याने तो वाचला आणि त्याला हसू आवरेना. "वहिनी, हेडमास्तर बरोबर आहेत."

"भाऊजी, तुम्ही पण त्यांच्यातलेच निघालात ना."

"अहो, पहिलं साल एक होतं. शून्य नावाचं साल नव्हतंच कधी. अंड्यांचा डझन कधी भरतो, बारावं ठेवायला घेतल्यावर की ठेवून झाल्यावर? तसंच आहे. दोन हजारावं साल आत्ता लागतंय. ते संपेल तेव्हा दोन हजार भरतील."

"काका," नात म्हणाली. दिवसभर घरभर गरगरत असते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. "माझ्या वर्गातल्या सगळ्या जणी आजच नवं सहस्रक करतायत. तुझं तू पुढच्या वर्षी एकटा कर. केक मात्र मिळणार नाही."

"गणित मतं मोजून ठरत नाही, भिंगरे."

"केक ठरतो."

सगळे हसले. त्या हसण्यातच थोरला म्हणाला, "धाकटा म्हणतो ते खरं आहे."

थोरला मुळात बोलायचा कमी, आणि भिंतीच्या रंगापासून मिठाच्या प्रमाणापर्यंत या दोघा भावांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. धाकटाही चमकून बघायला लागला. थोरली नवऱ्याकडे बघतच राहिली. माईंना मात्र ते आरपार दिसलं. एवढा बाप्या, कानशिलावरचे केस पिकायला लागले, पण भट्टी किती तापली हे ठरवायची वेळ आली की अजून अण्णांच्या तोंडाकडे बघायचा. अण्णा भट्टीच्या तोंडाशी हात धरायचे आणि 'हं' म्हणायचे. त्या 'हं'शिवाय त्याने एक ट्रे आत सरकवला नव्हता. त्याला सहस्रकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एक वर्ष मिळालं तर हवं होतं.

"तुम्हाला कधीपासून गणित यायला लागलं?" थोरलीने विचारलं. आवाज गोड होता, पण त्यातली धार खोलीत सगळ्यांना लागली. "जन्मभर मदतनीसच राहायचंय का?"

"मी फक्त खरं ते म्हटलं."

"हो, ते दिसतंय."

अण्णा कपातला चहा फुंकत ऐकत होते. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "अजून एक वर्ष आहे म्हणता."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनी पाहिलं नाही. वर्ष वाढल्याचं नाही, पण त्यांनी आपल्याकडे पाहिलं नाही, याचं माईंना फार लागलं.

थोरली इतक्यात हार मानणाऱ्यातली नव्हती. तिने खुर्ची पुढे ओढली. "अण्णा, मला एक सांगा. सकाळचा पहिला घाणा तुम्ही मोजता का?"

"पहिला घाणा कुणी मोजतं का?" अण्णा म्हणाले. "तो भट्टीचा. तिची तब्येत बघायला. आपण घरात खातो तो."

"आणि भिंतीवर खडूची पहिली रेघ कधी मारता?"

"दुसरा निघाल्यावर."

"म्हणजे रेघा नऊ झाल्या की घाणे दहा झालेले असतात. बरोबर? मग ज्यांनी कुणी एक साल म्हणून पहिली रेघ मारली, त्यांचंही एक साल त्याच्या आधी निघालेलं असणार. न मोजलेलं. ते धरलं की आज दोन हजार पुरे."

"वहिनी, असं साल नव्हतंच. त्याला इतिहासात जागाच नाही."

"पहिल्या घाण्यालाही भिंतीवर जागा नसते, भाऊजी. म्हणून काय तो तुमच्या पोटात गेला नाही? त्याच्यावरच वाढलात तुम्ही."

वर्गात कुणी असं बोललं असतं तर धाकट्याने त्याला फळ्याकडे बोलावलं असतं, पण इथे फळा नव्हता. भिंगरी टाळ्या पिटायला लागली. अण्णासुद्धा हसले, थोरलीच्या डोक्यावर टपली मारावी तसा हात हलवला, पण म्हणाले, "भट्टीची गोष्ट वेगळी आणि सालाची वेगळी, पोरी. मास्तर म्हणतो तेच खरं. पुढच्या वर्षी बघू." आणि मग चहाच्या कपाकडे बघतच, "काय गं, तुला काय वाटतं?"

"सुरी आणते," म्हणत माई उठल्या.

स्वयंपाकघरात सुरी समोरच होती. माई ती न उचलता ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मागून धाकटा आला. लहानपणापासून त्याची एक सवय होती, आई उठून गेली की दोन मिनिटांत तोही उठायचा.

"माई, काय झालं?"

"काही नाही रे. तुझा हिशेब बरोबर आहे."

"मग डोळे का पुसतेस?"

माईंना खोटं बोलायचा कंटाळा आला होता. त्यांनी सगळं सांगितलं. पाळण्यातला थोरला, कोपरापर्यंतचं पीठ, हसत दिलेला शब्द. "तेव्हा एक वर्ष म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता वाटतं. वर्ष लवकर जातं हे खरं, पण ते मिळेलच असं धरून चालता येत नाही या वयात. त्यांच्याही आणि माझ्याही."

धाकटा पिठाच्या डब्यावर मटकन बसला. "मला वाटलं, आम्ही केकवरून भांडतोय."

"तुम्ही केकवरूनच भांडत होतात."

"मी जाऊन सांगतो, माझं चुकलं म्हणून."

"मुळीच नाही. बरोबर आहे ते चूक म्हणून सांगशील आणि उद्या वर्गात काय तोंड दाखवशील? राहू दे. एवढी वर्षं थांबले."

आणि त्यांनी सुरी उचलली.

दोघं परत आले तेव्हा थोरली नवऱ्याला हळू आवाजात काहीतरी सुनावत होती आणि थोरला टेबलक्लॉथची सुरकुती अंगठ्याने सपाट करत होता. धाकटा बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तो म्हणाला, "अण्णा, माझं गणित बरोबर आहे. ते मी बदलणार नाही."

"बदलू नकोस की."

"पण एक विचारायचंय. तुम्ही शब्द दिलात तेव्हा तुमच्या मनात कोणतं साल होतं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. कोणता शब्द, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आधी धाकट्याकडे पाहिलं आणि मग त्या संध्याकाळी पहिल्यांदाच माईंकडे पाहिलं. माईंनी नजर खाली वळवली नाही.

"दोन हजार," अण्णा म्हणाले.

"मग झालं," धाकटा म्हणाला आणि बसला.

थोरली काही विचारणार होती, पण तिच्याही ध्यानात आलं की आता हे आपल्या भट्टीपुरतं राहिलेलं नाही. अण्णांचे हात टेबलावर होते, नखांच्या कडांना पीठ धरलेले रुंद हात. ते त्यांनी उलटे केले, सुलटे केले.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून या घरात कुणी ऐकलं नव्हतं. "भट्टी सोडायची नाही वाटत भीती. थोरला माझ्यापेक्षा चांगलं पीठ मळतो, मला माहितीय. पण मला रात्रीची झोप माहीत नाही. दोन वाजले की डोळे टक्क उघडतात. मग मी काय करू? कूस बदलत राहणार. हिची झोप मोडणार. इतकी वर्षं चपला हातात घेऊन जिना उतरलो, हिला जाग येऊ नये म्हणून. आता शेजारी पडून रोज तिला जागवू? म्हटलं, अजून एक वर्ष तरी तिला नीट झोपू दे."

माईंनी सुरी केकच्या शेजारी ठेवली.

"मला रोज जाग येते," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तुम्ही उठता तेव्हा. तुमचं पांघरूण माझ्या अंगावर घालता, मग उभे राहून बघता मला जाग आली का. मी डोळे मिटून पडते. तुम्ही चौथी पायरी चुकवून उतरता, ती वाजते म्हणून. खाली ब्रेडचा वास सुटला की मग मला झोप लागते."

"रोज?"

"रोज."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही इतके जपून जायचात," माई म्हणाल्या. "जाग आली म्हटलं असतं तर तुमचं ते जपणं फुकट गेलं असतं. मला ते हवं होतं."

भिंगरीला सगळं समजलं नव्हतं, पण ती आजीच्या खुर्चीला जाऊन चिकटली. थोरलीने डोळ्याला पदर लावला आणि धाकट्याने चष्मा काढून उगाच पुसला. अण्णांनी टेबलावरून हात पुढे केला आणि पोरांसमोर, सुनेसमोर, नातीसमोर माईंचा हात धरला. असा त्यांनी लग्नात सगळ्यांच्या सांगण्यावरून धरला होता, त्यानंतर आजच.

मग ते थोरल्याकडे वळले. "उद्या तू पेटव."

थोरल्याचा चेहरा उतरला. "अण्णा, तुम्ही निदान भट्टीशी हात धरून सांगा. नाहीतर जिन्यात उभे राहा फक्त. मला अंदाज नाही येत. बिघडलं तर?"

"बिघडेल की. पहिला घाणा कशाला असतो मग? माझ्या बापाने मला हेच सांगितलं आणि झोपायला गेला. मी पहिल्या दिवशी कोळसा काढला होता बाहेर."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"धाक राहिला नसता," अण्णा म्हणाले.

थोरला हसला. भीती गेली नव्हती, पण आता ती एकट्याने लपवायची राहिली नव्हती, आणि त्याने बायकोकडे पाहिलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी येते खाली तुमच्याबरोबर. रेघा मारायला." भांडण तिथेच मिटलं.

आठ केव्हाच वाजून गेले होते. भिंगरीच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं आणि तिने असा गलका केला की या घराचं नवं वर्ष आता जगाच्याच बरोबर लागतंय की काय. काटे फिरवायचा मान अण्णांचा. त्यांनी घड्याळ खुंटीवरून उतरवून माईंच्या मांडीवर ठेवलं. माईंनी बोटाने मोठा काटा गोल गोल ढकलला, भिंगरी दहापासून उलटी मोजत गेली, आणि ती पोर एकच्या पुढे शून्यही ओरडली, तेव्हा काकाने तिच्याकडे बघून नुसतं कपाळाला हात लावला. थोरलीने केक कापला आणि 'सहस्रक' लिहिलेला तुकडा नेमका मास्तर दिराच्या बशीत वाढला. त्याने तो चाटूनपुसून खाल्ला.

त्या रात्री दोनच्या सुमारास थोरला जिना उतरला. माई आणि अण्णा दोघंही जागे होते आणि दोघांनीही झोपेचं सोंग घेतलं. पुढे कधीतरी ते सोंग खरं झालं असावं, कारण माईंनी डोळे उघडले तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि शेजारच्या उशीवर अण्णा होते.

ते तोंड उघडं टाकून झोपले होते. घोरत होते. माई कुशीवर वळून बघत राहिल्या. झोपलेला हा चेहरा सकाळच्या उजेडात त्यांनी किती वर्षांत पाहिला नव्हता. दिवसा अण्णा कायम पिठात असत आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात सगळंच सारखं दिसे. आता ऊन थेट त्यांच्या कपाळावर पडलं होतं. गालावरची रेघ खोल गेली होती. भुवया पांढऱ्या होत्या. काल झोपायच्या आधी आंघोळ करूनही पीठ राहिलंच, असं मनाशी म्हणत माईंनी अंगठ्याने एक भुवई हलकेच पुसली. पुन्हा एकदा पुसली. पीठ निघेना, कारण ते पीठ नव्हतंच.

माईंचा अंगठा तिथेच थांबला.

अण्णांनी एक डोळा उघडला. आपण कुठे आहोत हे त्यांना क्षणभर कळलं नाही, मग कळलं. "काय गं?" ते झोपेतच म्हणाले.

"पीठ लागलंय तुम्हाला," माई म्हणाल्या.

"मग पुसून टाक."

"असू दे," माई म्हणाल्या, आणि त्यांच्याजवळ सरकल्या.